वाटणी झालेली चिंच

चिंच याच उन्हाळ्यात वाळली, असं रामराव म्हणाले. पलीकडच्या अंगणातून श्रीरंगनंही तेच सांगितलं. "ह्याच उन्हाळ्यात, ताई. ऊन लय कडक होतं." मी तिथंच कान टवकारले.

कारण हे दोघं सख्खे भाऊ. घरं एकमेकांना लागून आणि बोलचाल कित्येक वर्षं बंद. वालूरच्या त्या गल्लीत आमची गाडी शिरल्यापासून मी बघत होते. गाडी कुठं लावायची यावर दोन मतं. पाणी कुणाच्या माठातलं प्यायचं यावर दोन मतं. एकमेकांचं नावसुद्धा घेत नव्हते. "ह्यांना सांगा", "त्याला विचारा" असं माझ्यामार्फत चाललं होतं. आणि झाड कधी वाळलं यावर मात्र एकमत! एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकच गोष्ट सांगायला लागली की समजावं, या गोष्टीत दोघांचंही काहीतरी अडकलेलं आहे.

आधी माझ्या धंद्याबद्दल. मी सेलूची. परभणीला शेतीची पदवी घेतली. कॉलेजात असताना झाडं वाचवायची पत्रकं लिहायचे, छापायचे, बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून वाटायचे. आजही लिहिते. पोट मात्र झाडं उतरवण्यावर चालतं. लोक हसतात. हसू देत. तोडणं वेगळं आणि उतरवणं वेगळं. तोडणारा बुंध्यावर घाव घालतो आणि झाड पडेल तिकडं पडू देतो. खाली घर असलं, विजेची तार असली, शाळेची भिंत असली की तसं चालत नाही. तिथं माणूस दोरावर लटकून वर जातो, शेंड्याकडून एकेक तुकडा कापतो आणि तो तुकडा दुसऱ्या दोरानं सांभाळून खाली सोडतो. याला आम्ही उतरवणं म्हणतो.

आमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक कामात एक शब्द असतोच: धोकादायक. झाड धोकादायक झालंय, ताई. मी चौकशी करते. दुकानाची पाटी झाकली जाते म्हणून धोकादायक. चारचाकी लावायला जागा नाही म्हणून धोकादायक. पानं पडतात आणि सुनेला झाडावी लागतात म्हणून धोकादायक! अशी कामं मी घेत नाही आणि का घेत नाही ते तोंडावर सांगते. त्यामुळं मला कामं कमी आणि शिव्या जास्त मिळतात.

वालूरची चिंच मात्र खरंच मेलेली होती. परवानगीही रीतसर होती. तरी मी विचारलं, कधी वाळली? हा प्रश्न गप्पांसाठी नसतो. यावर आमच्या नामदेवभाऊंचा जीव असतो. नामदेवभाऊ आमचे वर चढणारे. आधी विजेच्या तारांवर येणाऱ्या फांद्या छाटायचे. तोंड सतत चालू, हातही तसाच. नुकतंच वाळलेलं झाड माणसाचं वजन पेलतं. लाकूड अजून चिवट असतं. पण मरून दोन पावसाळे गेले की आत भुंगे घर करतात, फांदी जिथं खोडाला जोडलेली असते तिथं कुजायला लागते. बाहेरून तशीच जाडजूड दिसते. माणूस लटकला आणि एक झटका बसला की संपलं. म्हणून तारीख लागते. याच उन्हाळ्यात वाळली असेल तर चढायचं. नाहीतर नाही चढायचं.

आता ही चिंच. दोन्ही घरांच्या मधोमध, बरोबर हद्दीवर. खोड एक आणि तीन पुरुष उंचीवर त्याच्या दोन मोठ्या फांद्या झालेल्या. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा पंचांनी झाडही वाटून दिलं. आपल्याकडं हे नवीन नाही. आंबा वाटतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटतात. पंचांनी ठरवलं, उगवतीकडची फांदी रामरावांची, मावळतीकडची श्रीरंगची. आपापल्या फांदीच्या चिंचा ज्यानं त्यानं झोडायच्या. वाऱ्यानं पडलेल्या चिंचा ज्याच्या अंगणात पडतील त्याच्या. यावरूनच पहिलं भांडण झालं होतं म्हणे, कारण वारा पंचांचं ऐकत नाही.

रामरावांची फांदी आडवी पसरलेली, थेट त्यांच्या पत्र्याच्या स्वयंपाकघरावर. आत त्यांच्या बायको, सुमनकाकू, भाकरी थापत होत्या. ती फांदी आधी उतरवायची होती. श्रीरंगची फांदी सरळ वर गेलेली, मांडीपेक्षा जाड, खाली त्याचा गोठा. तिच्यावर गुळवेल इतकी माजली होती की लाकडाची साल दिसतच नव्हती. तिच्या बेचक्यातून आमचा मुख्य दोर टाकायचं ठरलं. या जागेला अँकर म्हणतात. चढणाऱ्याचं सगळं वजन त्या एका जागेवर असतं. आम्ही पातळ दोरीला वजनाची पिशवी बांधून वर फेकली, तिच्यामागून जाड दोर ओढून घेतला. मी आणि दोर धरणारा सुदाम, दोघं त्यावर लटकलो. फांदी हलली नाही.

"चला," नामदेवभाऊ पट्टा आवळत म्हणाले. "भावाच्या फांदीला लटकून भावाची फांदी कापायची. असलं काम तर कोर्टातबी मिळत न्हाई."

दोघा भावांपैकी कुणीच हसलं नाही.

गोठ्यात एकही जनावर नव्हतं. शेण वाळून पापडी झालेली. मी श्रीरंगला विचारलं, "म्हशी कुठं आहेत?"

"वावरात बांधायलोय आता. तिथं हवा चांगली."

घरालगत गोठा, आणि म्हशी रोज वावरात? दूध काढायला दोन वेळा कोण जातं तिकडं? मनात टोचलं. पण नामदेवभाऊ तोवर वर निघाले होते आणि मला खाली जागा मोकळी करायची होती. खोडाला लागून रामरावांच्या बाजूला पऱ्हाट्यांचा मोठा ढीग होता. कापूस वेचून झाला की उरणारी वाळकी झाडं, चुलीसाठी रचलेली. तुकडे खाली सोडायचे तर तो ढीग हलवणं भाग होतं. मी हात घातला.

रामराव लगबगीनं पुढं आले. "राहू द्या की ताई. त्या कामून हलवायलाव? हाताला कुसं लागतील."

"लागू द्या."

"अवो, मागं साप असतंय."

मघाशी हाच माणूस काकूंना म्हणत होता की सरपण आण तिथलं. तेव्हा साप नव्हता. मी ढीग उपसला. खोडाच्या बुडाशी, मातीपासून वीतभर उंचीवर, सालीला सिमेंटचं ठिगळ होतं. अंगठ्याएवढं. मी पेचकस घालून ते उचकटलं. आत गिरमिटानं पाडलेलं तिरकं भोक. काळंभोर, चिकट. वास घेतला. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या कुणालाही तो वास ओळखू येतो. तणनाशक.

माझं डोकं फिरलं. झाडाला असं मारतात ही लोकं! करवत लावली तर परवानगी लागते, पंचनामा होतो, चार लोक विचारतात. भोक पाडून औषध ओतलं की कुणी विचारत नाही. झाड आपोआप वाळतं. मग अर्ज येतो, धोकादायक. मग आमच्यासारख्यांना फोन येतो.

"रामरावकाका, हे काय आहे?"

"काय की. भुंग्यानं पाडलं असंल."

"भुंगा वरून सिमेंट लावून जातो का?"

वरून आवाज आला, "वालूरचा भुंगा हाय ताई. गवंडीकाम येत असंल."

"नामदेवभाऊ, आहात तिथंच थांबा. हलू नका."

"थांबलो. चहा वर पाठवा."

नामदेवभाऊ दोन पुरुष उंचीवर लटकलेले होते. भोक सापडलं म्हणजे झाड मारलंय एवढंच कळलं. कधी मारलं ते कळलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वीचं असेल तर लाकूड अजून पक्कं. मला गुन्हेगार नको होता. त्या घडीला मला फक्त तारीख हवी होती. पण मी काय केलं? पत्रकात करते तेच. बोट रोखलं.

"तुमच्या बाजूला भोक आहे. त्यावर तुमचं सरपण आहे. स्वयंपाकघर मोठं करायचंय असं तुम्हीच मघाशी म्हणालात. आता खरं सांगा."

रामरावांचा चेहरा उतरला. "म्या न्हाई केलं. लेकराशपथ न्हाई. मागल्या साली पाला झाडताना ते दिसलं मला. माझ्या बाजूला हाय म्हणल्यावर माझ्यावरच येणार ना? म्हणून वर पऱ्हाट्या रचल्या. एवढीच माझी गल्लत." मग आवाज चढला. "अन् मी माझ्याच फांदीच्या बुडात इख कशाला घालीन? माझी फांदी मेली तर चिंचा कोणाच्या? सगळ्या पल्याडच्याच्या! जरा इचार करा की."

विचार करण्यासारखंच होतं. वाटणीच्या हिशोबानं रामरावांची फांदी मेल्यावर फायदा एकाचाच होता. मी हद्दीच्या पलीकडं पाहिलं. श्रीरंग हातात चहाची बशी घेऊन उभा होता.

"माझ्याकडं काय बघायलाव?"

"तुमच्याकडं गिरमिट आहे का?"

"गिरमिट सगळ्या गावात हाय! ह्यांना सांगा ताई, खोटं बोलायचं तर हिशोबानं बोला म्हणावं. मी इख घातलं असतं तर माझी फांदी कशी मेली असती? तीबी आधी! ह्यांची ह्या उन्हाळ्यापर्यंत हिरवीगार होती. पोती भरून चिंचा झोडल्या ह्यांनी. माझी मागल्याच्या मागल्या दिवाळीलाच वाळली. गुळवेलीखाली चिंचेचं एक पान राह्यलं न्हवतं. स्वतःची फांदी आधी कोण मारतंय, सांगा ना!"

तो सगळ्यांकडं बघत होता. वाद जिंकल्यासारखा. आणि वाद त्यानं जिंकलाही होता.

मी वर बघत होते. गुळवेलीच्या हिरव्या पानांकडं. त्यातून खाली आलेल्या आमच्या दोराकडं.

"आधी कुठली वाळली म्हणालात?"

"माझी."

"म्हणजे ही?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. त्यानं बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला.

मी आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. "नामदेवभाऊ, छोटा पट्टा खोडाला मारा. वरच्या दोरावर वजन टाकू नका. झटका देऊ नका."

"कामून?"

"वरची फांदी मरून दोन वर्षं होत आली."

नामदेवभाऊंनी कमरेचा दुसरा पट्टा खोडाभोवती टाकला, दोन्ही पाय खोडाला रोवले आणि दोरावरचं वजन हळूहळू काढून घेतलं. मग पट्टा इंचाइंचानं खाली सरकवत, खोडाला पोट घासत उतरायला लागले. सुमनकाकू पिठाच्या हातानं बाहेर आल्या होत्या. सुदामनं दोर ढिला सोडला होता आणि तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. पाय जमिनीला लागल्यावर नामदेवभाऊ खाली बसले, पट्टा सोडला आणि म्हणाले, "चहा आता खालीच द्या."

मग आम्ही सगळ्यांना लांब नेलं, दोराचं टोक लांबवलं, आणि तिघांनी मिळून एक हिसका दिला. दुसऱ्या हिसक्याला फांदी जोडापासून निखळली. ती मोडली असं म्हणणंही चूक आहे. मोडायला आत काही उरलंच नव्हतं. गुळवेलीसकट खाली आली आणि गोठ्याचे पत्रे, वासे, गव्हाण सगळं चेपून टाकलं. रिकामा गोठा. हवा चांगली म्हणून म्हशी वावरात बांधलेला गोठा!

मी श्रीरंगसमोर जाऊन उभी राहिले. "म्हशी हलवल्यात. म्हणजे फांदी पडणार हे माहीत होतं. आणि हा माणूस त्याच फांदीला लटकून वर जात होता, तेव्हा चहा पीत बघत होतात?"

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "मला वाटलं, चढायलाय म्हणजे त्याला कळत असंल. रोजचं काम हाय त्याचं."

हे वाक्य मी आजवर कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही, कारण छापलं तर कुणाला खरं वाटणार नाही. नामदेवभाऊ उठले, त्याच्याजवळ गेले. मला वाटलं मारतात आता. त्यांनी त्याच्या हातातली रिकामी बशी घेतली, बाजूच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाले, "म्हशीला जेवढं सांगितलंस तेवढं मला सांगायचं होतं, राजा."

दुसऱ्या दिवशी सेलूहून हायड्रा मागवली. हायड्रा म्हणजे चाकांवरची क्रेन. गोठा पडला म्हणून तर तिला आत यायला वाट झाली. तिनं एकेक तुकडा वरून धरायचा, आम्ही खालून कापायचा. झाडावर कुणी चढलं नाही. सुमनकाकूंच्या पत्र्याला ओरखडासुद्धा आला नाही.

बुंधा कापल्यावर सगळं दिसलं. या चिंचेच्या खोडाला पीळ होता. ओला टॉवेल पिळल्यावर त्याचे धागे जसे तिरके फिरतात, तशा लाकडाच्या रेषा बुडापासून फिरत वर गेल्या होत्या. झाडात पाणी या रेषांमधूनच चढतं. उगवतीच्या बाजूनं भरलेलं औषध त्या पिळाबरोबर अर्धा वेढा घेऊन मावळतीच्या फांदीत गेलं होतं. भोकापासून निघालेला काळा पट्टा कापलेल्या तुकड्यांवर स्पष्ट दिसत होता. मी तुकडे एकावर एक ठेवून दोघांना दाखवले. मारणाऱ्याला वाटलं होतं, रामरावांच्या बाजूला भोक पाडलं की रामरावांची फांदी मरेल. पंचांनी झाड वाटलं होतं ना! यानं ती खरंच दोन झाडं धरली. याची स्वतःचीच फांदी आधी मेली, मग मुळं गेली, मग उरलेलं सगळं.

रामरावांनी त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग पहिल्यांदा सरळ भावाशी बोलले. "शिऱ्या, गिरमिट माझंच नेलं होतंस ना?"

श्रीरंग पडलेल्या गोठ्याचे पत्रे उचलायला लागला. नाही असं मात्र म्हणाला नाही.

मी भोकाचा तुकडा वेगळा कापून घेतला आणि परवानगी देणाऱ्या ऑफिसात गेले. साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हे झाड मारलेलं आहे. विष घालून."

साहेबांनी तुकडा उलटा केला, सुलटा केला. "परवानगी वाळलेल्या झाडाची दिली होती ना आम्ही?"

"हो."

"झाड वाळलेलंच होतं ना?"

"हो, पण कशानं वाळलं ते बघा की."

"म्याडम, कशानं वाळलं असा रकाना न्हाई अर्जात. अन् झाड तर तुमीच काढलं. आता स्थळपाहणी कशाची करायची?"

म्हणजे पुरावा मीच उतरवला होता, तुकड्या-तुकड्यानं, व्यवस्थित. मी लेखी तक्रार देऊन आले. पोच घेतली. महिन्यानं चौकशीला गेले तेव्हा तो तुकडा साहेबांच्या दाराला अडकण म्हणून लावलेला होता. वारा आला की दार आपटत होतं म्हणे. मी तो उचलला आणि घरी आणला. दार आपटू दे.

वालूरला फांद्यांचं लाकूड ज्याचं त्यानं नेलं. खोडाची वाटणी पंचांनी केलेली नव्हती, त्यामुळं ते हद्दीवर तसंच आडवं पडून आहे. सुमनकाकू त्यावर वाळवणं घालतात असं कळलं.

आमच्या कामात एक बदल झाला. गाडीत आता एक प्लॅस्टिकची खुर्ची असते. नामदेवभाऊंनी पट्टा बांधायच्या आधी मी ती खुर्ची अँकरच्या फांदीच्या बरोबर खाली ठेवते आणि मालकाला म्हणते, बसा, मला चार गोष्टी विचारायच्यात. बहुतेक लोक बसतात. पाय पसरून बसतात, पाणी मागवतात, झाडाचा सगळा इतिहास सांगतात. कुणीकुणी वर बघतो, खुर्चीकडं बघतो आणि म्हणतो, "न्हाई ताई, मी आपला उभाच बरा हाय." त्याला मी पुढचं काहीच विचारत नाही. हायड्रावाल्याला फोन लावते.